विश्लेषण : जागा कायमची रिकामी, शिक्षक मात्र तात्पुरता

नवी दिल्ली : दिवाळीच्या सुटीचे परिपत्रक शाळेच्या सूचना फलकावर लागले की शिक्षक कक्षात दोन वेगळ्या आकडेमोडी सुरू होतात. नियमित शिक्षक गावी जाण्याच्या गाडीचे आरक्षण पाहू लागतात. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला अतिथी शिक्षक त्या महिन्यात कामाचे दिवस किती उरले ते मोजतो. दिल्लीच्या सरकारी शाळांत अतिथी शिक्षकाला दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळत आले आहेत. सुटी जितकी लांब, तितका महिन्याचा पगार आखूड. उन्हाळी सुटीत तो शून्यावर येतो. २०२० च्या टाळेबंदीत तर त्यांचा मोबदला मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच धरण्यात आला. सुटीत ज्यांना काम सोपवले जाईल त्यांनाच पुढचे पैसे, असा तो हिशेब होता.

या शिक्षकाला प्रत्येक राज्यात निराळे नाव आहे. उत्तर प्रदेशात तो शिक्षामित्र, मध्य प्रदेश, हरियाणा, दिल्ली आणि कर्नाटकात अतिथी शिक्षक, तेलंगणात विद्या व्हॉलंटियर. झारखंडमध्ये तो आधी पॅरा शिक्षक होता, पुढे सहायक अध्यापक झाला. बिहारमध्ये त्याला नियोजित शिक्षक म्हणत. गुजरातने त्याचे नाव ‘प्रवासी शिक्षक’ ठेवले होते. २०२३ मध्ये ते बदलून ‘ज्ञान सहायक’ केले आणि करार अकरा महिन्यांचा ठेवला. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील, मानधनावरील, कंत्राटी असे शब्द चालतात, तर गोव्यात ‘लेक्चर बेसिस’. या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. नुसते ‘शिक्षक’ असे त्याला सरकार दरबारी कोठेच म्हटले जात नाही. त्या शब्दाच्या मागे किंवा पुढे काही तरी जोडलेले असते, आणि जे जोडलेले असते तेच त्याची सेवा किती दिवसांची आहे हे ठरवते.

मराठी वाचकाला ‘बदली’ या शब्दाचा हा अर्थ गिरणगावाने शिकवला. बदली कामगार सकाळी गिरणीच्या फाटकापाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर त्या दिवसापुरते काम मिळे, नाही तर परत खोलीवर. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करावे, ही मागणीही होती. त्या व्यवस्थेत शोषण होते, तरी एक सरळपणाही होता. ज्याच्या बदल्यात काम करायचे तो कामगार अस्तित्वात होता. तो आजारी असे, गावी गेलेला असे, आणि केव्हा तरी परत येणार असे. आजच्या सरकारी शाळेतील बदली शिक्षक ज्याच्या जागी उभा आहे, तो शिक्षक बहुतेक वेळा नेमलाच गेलेला नसतो. आधीचा निवृत्त झाला आणि जागा तशीच राहिली. येथे रजेवर शिक्षक नाही, भरती आहे.

खरोखरच्या रजेसाठी आपल्याकडे व्यवस्था नावापुरतीच आहे. शिक्षक एका दिवसासाठी आला नाही तर मुख्याध्यापक मोकळा तास असलेल्या सहकाऱ्याला त्या वर्गावर पाठवतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्याला ‘ऑफ तास’ म्हटले, दिल्लीच्या शाळांत त्याला ‘अरेंजमेंट’ म्हणतात. गणिताच्या ऑफ तासाला चित्रकलेचे शिक्षक येतात आणि वर्ग शांत ठेवण्यापलीकडे त्यांच्याकडून कोणाची अपेक्षा नसते. (मुलांना तो तास आवडतो, ही गोष्ट वेगळी.) द्विशिक्षकी शाळेत एवढीही सोय नाही, एक रजेवर गेला की दुसऱ्याकडे सगळ्या इयत्ता येतात. एकशिक्षकी शाळेतला शिक्षक तालुक्याच्या बैठकीला गेला तर शाळेला कुलूप लावण्याचीच वेळ येते. २०२४-२५ च्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशात एक लाखाहून अधिक शाळांत एकच शिक्षक होता आणि त्या शाळांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकत होती. देशातील शिक्षकांची एकूण संख्या प्रथमच एक कोटीच्या वर गेल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत.

बदली शिक्षकाची कल्पना वाईट हेतूने जन्मलेली नव्हती, हे नमूद करणे आवश्यक आहे. राजस्थानात १९८७ मध्ये स्वीडनच्या साहाय्याने ‘शिक्षाकर्मी’ प्रकल्प सुरू झाला. दुर्गम गावांत नेमलेला शिक्षक जात नसे किंवा टिकत नसे. तेव्हा गावातल्याच, कमी शिकलेल्या पण गावात राहणाऱ्या तरुणाला प्रशिक्षण देऊन वर्गावर उभे करायचे, असा तो विचार होता. गैरहजर शिक्षकाचा हा खराखुरा पर्याय होता. महाराष्ट्रातील वस्तीशाळांचा मार्गही याच दिशेने गेला. पाड्यावर, तांड्यावर अल्प मानधनात शिकवणाऱ्या निमशिक्षकांना अखेर २०१४ मध्ये नियमित सेवेत घेण्यात आले. पण त्यासाठी त्यांना एका तपाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. नव्वदच्या दशकापासून राज्यांची आर्थिक ओढाताण वाढली तशी ही कल्पना दुर्गम गावातून निघून जिल्ह्याच्या गावी आणि मग थेट राजधानीत आली. जो उपाय शिक्षक पोहोचत नसलेल्या वस्तीसाठी होता, तो शिक्षक नेमणे परवडत नाही असे म्हणणाऱ्या शासनाचा उपाय झाला. शैक्षणिक पात्रता तेवढी बदलली. आजचा बदली शिक्षक दहावी शिकलेला गावकरी नाही. तो पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि पात्रता परीक्षा गाठीशी असलेला उमेदवार आहे.

वार्तांकनाच्या निमित्ताने या शिक्षकांशी वेगवेगळ्या राज्यांत बोलताना त्यांच्या दिवसाचे जे चित्र उभे राहते, त्यात आश्चर्य वाटावे इतके साम्य आहे. सत्र एप्रिलमध्ये किंवा जूनमध्ये सुरू होते. बदली शिक्षकाचा आदेश जुलैत, ऑगस्टमध्ये, कधी त्यानंतर निघतो. तोपर्यंत वेळापत्रक ठरलेले असते. मधल्या सुटीनंतरचे तास, आवरायला कठीण अशी तुकडी आणि कोणालाच नको असलेला विषय त्याच्या वाट्याला येतो. इतिहासाच्या पदवीधराने भूगोल शिकवणे हा अपवाद नाही, आणि भाषेच्या शिक्षकाने गणित घेणे ही बातमी नाही. मुलांची तीन महिन्यांची पाटी त्या विषयात कोरी असते, परंतु घटक चाचणीची तारीख सर्वांना एकच असते. राहिलेला भाग भरून काढायचा की पुढचा भाग शिकवायचा, हा निर्णय त्याला पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो. वर्षाअखेरीस निकाल खाली आला तर प्रश्न त्यालाच विचारला जातो.

त्याचे हजेरीपत्रक बहुतेक ठिकाणी निराळे असते. नियमित शिक्षकाची सही ही उपस्थितीची नोंद असते, त्याची सही ही मजुरीची पावती असते. ताप असतानाही तो शाळेत येतो, कारण त्याच्या रजेचा अर्थ रजा नसून वजावट आहे. वेतनवाढ, भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय प्रतिपूर्ती हे शब्द कक्षातल्या गप्पांत त्याच्या समोर बोलले जातात. महाराष्ट्रात अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन ‘शालार्थ’ प्रणालीतून निघते. ज्याला शालार्थ क्रमांक नाही, त्याचे नाव वेतन देयकात येतच नाही. मानधनही दरमहा वेळेवर येईल, याची खात्री नसते. अनुदानाचा हप्ता शाळेपर्यंत पोहोचेपर्यंत दोन-तीन महिने उलटतात आणि तोवर घरभाडे शिकवण्यांवर चालते. संध्याकाळी खासगी शिकवणी आणि रात्री भरती परीक्षेचा अभ्यास हा जवळजवळ ठरलेला क्रम आहे. जे काम तो आठ-दहा वर्षे करत आहे, ते काम मिळावे म्हणूनचा हा अभ्यास असतो.

मुलांना हे सर्व कळते. हे शिक्षक किती दिवसांचे आहेत, याचा अंदाज मुले कपड्यांवरून नव्हे, इतर शिक्षक त्यांच्याशी कसे बोलतात यावरून बांधतात. वर्गातला वचक त्या अंदाजाप्रमाणे कमी-जास्त होतो. जिथे जिव्हाळा जमतो, तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो. पुढच्या वर्षी तुम्हीच शिकवणार का, असे मुले विचारतात आणि त्याचे खरे उत्तर देण्याचा अधिकार समोर उभ्या असलेल्या माणसाला नसतो. पालक सभेत त्याने बसायचे, प्रगतिपुस्तकावरचे गुण त्याने भरायचे, पण वर्षअखेरीच्या दाखल्यावर सही दुसऱ्याची असते.

या नोकरीतला सर्वांत अवघड दिवस मात्र परीक्षेचा किंवा तपासणीचा नाही. सत्राच्या मध्यावर एखादा नियमित शिक्षक बदलीचा अथवा पदोन्नतीचा आदेश घेऊन शाळेत हजर होतो, तो दिवस. दिल्लीत आणि मध्य प्रदेशात हे वर्षातून अनेकदा घडते. जागा भरली गेली, म्हणून अतिथी शिक्षक त्याच दिवशी कार्यमुक्त होतो. वर्गाची वही, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि खडूची पेटी सोपवायला अर्धा तास पुरतो. दुसऱ्या शाळेत जागा निघाली तर त्याला बोलावणे येते, नाही तर वाट पाहायची. नियमित शिक्षक आला, म्हणजे मुलांचे भले झाले, हे तोही जाणतो. म्हणूनच त्याला त्याबद्दल रागही धड व्यक्त करता येत नाही.

स्त्री शिक्षिकांच्या वाट्याला याहून वेगळी विसंगती येते. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ खाली रजेच्या काळातील तात्पुरत्या जागेवर शिक्षक नेमता येतो आणि मुदत संपताच ती सेवा वेगळी नोटीस न देता संपते, असे नेमणूक पत्रातच लिहिलेले असते. अशा जागांमध्ये प्रसूती रजेच्या जागा मोठ्या असतात. एका शिक्षिकेच्या सहा महिन्यांच्या प्रसूती रजेत दुसरी शिक्षिका उभी राहते. परंतु तिला स्वतःला दिवस गेले तर तिची नेमणूक टिकेल का, हे आजवर संबंधित कार्यालयाच्या मर्जीवर राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात कंत्राटाची मुदत संपली तरी मातृत्व लाभ नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. तो दिल्लीतील एका डॉक्टरच्या कंत्राटाविषयीचा होता, तरी त्यातील तत्त्व शाळेलाही लागू होते. प्रश्न इतकाच उरतो, की पुढच्या सत्रात पुन्हा नेमणूक मिळवायची असलेली शिक्षिका हा निर्णय घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहील का.

आता पैशांचा विषय. महाराष्ट्राने २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आणली. तीन वर्षे मानधनावर काम, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन सुरुवातीला दरमहा ३ हजार रुपये होते, पुढे ते ६ हजार झाले आणि त्यानंतर दशकभर तिथेच राहिले. उच्च न्यायालयाने कान उपटल्यानंतर जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार करण्यात आले. शिक्षण सेवकाला निदान तीन वर्षांनंतरचा किनारा दिसतो. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तोही दिसत नाही. मध्य प्रदेशात अतिथी शिक्षकांचे मानधन सप्टेंबर २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, दुप्पट करून वर्गवारीनुसार १० हजार, १४ हजार आणि १८ हजार करण्यात आले आणि तासिकेऐवजी महिन्याचा हिशेब आला. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला प्रतितास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार रुपये असे दर सुचवले. महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी ते दर कधी पूर्णपणे पाहिले नाहीत.

कमी पैशांत काम होत असेल तर बिघडले कोठे, असा एक युक्तिवाद अर्थशास्त्रात केला जातो आणि तो सहज फेटाळण्यासारखा नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण प्राथमिक शाळांत केलेल्या अभ्यासात कंत्राटी शिक्षक नियमित शिक्षकांहून कमी परिणामकारक नसल्याचे आढळले, आणि त्यांचा पगार नियमितांच्या कितीतरी पट कमी होता. सरकारी बैठकांत हा निष्कर्ष हौसेने सांगितला जातो. त्यातली एक गोष्ट मात्र गाळली जाते. त्या प्रयोगात निवडलेल्या शाळांना कंत्राटी शिक्षक ‘जादा’ मिळाला होता. आधीचे शिक्षक जागेवरच होते. राज्ये करत आहेत ते नेमके उलट आहे. येथे कंत्राटी शिक्षक नियमिताच्या जोडीला नव्हे, त्याच्या ऐवजी येतो. शिवाय हे शिक्षक तितकेच चांगले शिकवतात असे जर सिद्ध होत असेल, तर त्यातून त्यांना पाचव्या हिश्शाचा पगार द्यावा हा निष्कर्ष कसा निघतो, हे कोणत्याही बैठकीत स्पष्ट केले जात नाही.

न्यायालयांनी या प्रश्नावर दिलेली उत्तरे एका सरळ रेषेत नाहीत. एप्रिल २००६ मध्ये ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ या खटल्यात घटनापीठाने सांगितले, की सार्वजनिक नोकरी खुल्या स्पर्धेतूनच मिळाली पाहिजे. तात्पुरत्या नेमणुकीतून कायम होण्याचा हक्क जन्मत नाही. मागच्या दाराने होणाऱ्या भरतीला चाप लावणे हा त्या निर्णयाचा हेतू होता आणि तो योग्यच होता. मात्र राज्यांनी त्यातला पहिला अर्धा भाग, नियमित भरती वेळेवर करा, बाजूला ठेवला आणि दुसरा अर्धा ढालीसारखा वापरला. २०१६ मध्ये पंजाबच्या जगजितसिंग प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळावे, असे न्यायालय म्हणाले. मे २०१९ मध्ये बिहारच्या नियोजित शिक्षकांना मात्र नियमित शिक्षकांच्या बरोबरीचे वेतन नाकारण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात, केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगार व माळ्याच्या सेवेविषयी निर्णय देताना न्यायालयाने उमादेवी निकालाचा यंत्रणांकडून होणारा गैरवापर स्पष्ट शब्दांत नोंदवला. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीत तर गुरूला ब्रह्मा-विष्णूच्या जागी मानणारा श्लोक समारंभात म्हणणाऱ्या व्यवस्थेने त्याच गुरूला काय वेतन द्यावे, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले.

उत्तर प्रदेशच्या शिक्षामित्रांची कथा या साऱ्याचा सारांश आहे. १९९९ पासून नेमलेल्या या शिक्षकांना २०१४ मध्ये सहायक अध्यापक म्हणून सामावून घेण्यास सुरुवात झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यांतील सामावून घेतलेले शिक्षक आदल्या महिन्यापर्यंत चाळीस हजारांच्या जवळ पगार घेत होते. रस्त्यावर उतरल्यानंतर त्यांना दरमहा १० हजार रुपये, वर्षातून अकरा महिने, असे मानधन मिळाले. शाळा तीच, वर्ग तोच, खडू तोच; घरी कर्ज काढून बांधलेली खोली तेवढी वेगळी झाली होती. पात्रता परीक्षेशिवाय नेमणूक नको, हा न्यायालयाचा मुद्दा विद्यार्थ्यांच्या हिताचा होता. पण पात्रता नसलेल्यांना पंधरा वर्षे त्याच मुलांसमोर उभे कोणी केले, या प्रश्नाची किंमत फक्त शिक्षकांनी मोजली.

हरियाणाने वेगळा मार्ग धरला. २००५ पासून नेमलेल्या अतिथी शिक्षकांपैकी सुमारे ४ हजार जणांना २०१५ मध्ये ‘अतिरिक्त’ ठरवून काढले, पुढे परत घेतले आणि २०१९ मध्ये कायदा करून वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत सेवेची हमी दिली. नियमित न करता कायम ठेवण्याची ही युक्ती भाषेच्या दृष्टीने विलक्षण आहे: ५८ वर्षांचा पाहुणा. दिल्ली विधानसभेने ऑक्टोबर २०१७ मध्ये सुमारे १५ हजार अतिथी शिक्षकांना नियमित करण्याचे विधेयक मंजूर केले. सेवाविषयक बाबी विधानसभेच्या अधिकारकक्षेत येत नाहीत, अशी हरकत नायब राज्यपालांनी घेतली आणि ते विधेयक कायदा झाले नाही. मार्च २०१९ मध्ये करार संपल्यावर हेच शिक्षक उपमुख्यमंत्र्यांच्या घरासमोर बसले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे मूळ भरतीच्या खंडांत आहे. मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबवण्यात आली. त्यानंतर अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि पुढची थेट २०२३ मध्ये. या अकरा वर्षांत निवृत्ती मात्र कधी थांबली नाही. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत सत्तरीपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपयांवर नेमण्याचा निर्णय झाला, तेव्हा पदविका-पदवी घेऊन भरतीची वाट पाहणारे तरुण रस्त्यावर आले. ज्याच्या निवृत्तीमुळे जागा रिकामी झाली, तोच त्या जागेचा बदली शिक्षक, असे दृश्य त्यातून तयार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक १५ हजारांच्या मानधनावर कंत्राटी असेल, असे ठरले. काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. कमी पटाच्या शाळा म्हणजे कोणत्या, हे महाराष्ट्र जाणतो. डोंगरकपारीतल्या, आदिवासी पाड्यांवरच्या, कोकणातल्या वाड्यांवरच्या.

सीमेपलीकडे हा प्रश्न भाषेचाही होतो. बेळगाव परिसरातील सरकारी मराठी शाळांत रिक्त जागांवर अतिथी शिक्षक नेमूनच वर्ग चालवावे लागतात. कर्नाटकात ही नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मानधनात २ हजारांची वाढ झाली, सेवेच्या स्वरूपात नाही. कन्नड शाळेतला अतिथी शिक्षक उशिरा आला तर वर्ष वाया जाते; मराठी शाळेतला आला नाही तर पालक मुलाचे नाव काढून दुसऱ्या माध्यमात घालतात, आणि पट घटला की पुढच्या वर्षी ती जागाच मंजूर राहत नाही.

याबाबत कायदा मुका नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २६ व्या कलमानुसार मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक जागा रिक्त राहता कामा नयेत. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात २०२२ पर्यंत पॅरा शिक्षक ही पद्धतच बंद करण्याचे वाक्य होते. २०२० मध्ये मंजूर झालेल्या धोरणात ते वाक्य राहिले नाही. भरती अशक्य आहे, असेही म्हणता येत नाही. बिहारने २ नोव्हेंबर २०२३ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एका दिवसात सव्वा लाखाच्या आसपास शिक्षकांना नेमणूक पत्रे दिली. त्या भरतीच्या दर्जाविषयी वाद झाले, परंतु पैसे नाहीत आणि उमेदवार नाहीत, ही दोन्ही कारणे त्या दिवशी निकालात निघाली.

यापुढचा टप्पा जवळ आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागणार आहे. जे होणार नाहीत, त्यांच्या जागा रिकाम्या होतील. त्या वर्गांवर उभे राहण्यासाठी ज्यांच्याकडे पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आधीपासून आहे, असे अनेक उमेदवार आज त्याच शाळांत दिवसाच्या हिशेबाने शिकवत आहेत. मध्य प्रदेशात नियमित भरतीत अतिथी शिक्षकांसाठी २५ टक्के जागा राखीव होत्या आणि त्यासाठीची अट तीन सत्रे व किमान २०० दिवसांच्या अध्यापनाची. सत्राच्या मध्यावर कार्यमुक्त झालेल्या एखाद्या शिक्षकाचे दिवस त्याहून थोडे कमी भरतात. तो पुढच्या जुलैत पोर्टलवर पुन्हा नोंदणी करतो आणि आदेशाची वाट पाहतो.